लटकलेल्या बकरीबाबत मार्गदर्शन मिळण्याबाबत

विश्रांतवाडी, पुणे
९ जून २०२५

चि. निकितास,
सप्रेम जय भीम.

विषय: तुझ्या पुस्तकातील पान १८ वर लटकलेल्या बकरीबाबत मार्गदर्शन मिळण्याबाबत.

मी तुझा श्रीधरकाका, म्हणजे तुझे वडील रतन यांचा चुलत भाऊ. आपली भेट बिबवेवाडीच्या लग्नात झाली होती. तू मला विचारलं होतंस, "काका, आइस्क्रीम कुठलं आणू?" मी म्हटलं होतं, "तुला योग्य वाटेल ते." तू पिस्ता आणलंस. मला पिस्ता आवडत नाही, पण तो विषय वेगळा आहे.

त्याच लग्नात तू तुझ्या कल्याणीकाकूला तू काढलेलं चित्रकथेचं पुस्तक दिलंस. काकू आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी मुलांना पुस्तकं वाचून दाखवते, हे तुला ठाऊक असेलच. सध्या ती नाशिकला आहे. आमची लेक नम्रता हिचं बाळंतपण आहे, ऑगस्टच्या मध्याला परत येईल. एसटीत बसल्यावर तिनं खिडकीतून मला सांगितलं, "रविवार आता तुमच्याकडे. माझी पोरं मला तेवढीच परत पाहिजेत." चौतीस वर्षांच्या सरकारी नोकरीत माझ्यावर इतकी थेट जबाबदारी कुणी टाकली नव्हती.

काल वर्ग सुरू केला. पुस्तक तुझंच घेतलं, 'बिजली बकरी आणि राजाची मिशी'. पान १७ पर्यंत सर्व काही सुरळीत होतं. बकरीने भर दरबारात राजाची अर्धी मिशी खाल्ली. शिपाई मागे लागले. ती झुलत्या पुलावर पळाली, पूल तुटला. पान १८ वर ती दातांत दोर धरून नदीवर लटकलेली आहे. वर शिपाई, खाली मगर. आणि तिथे तू लिहितेस:

"आता तूच ठरव! बिजलीनं दोर सोडायचा? पान ३१ वर जा. दोरावरून वर चढायचं? पान ४४ वर जा."

हा 'तूच' कोण? मी? एका सजीव प्राण्याच्या जिवाचा निर्णय घेण्याचे अधिकार मला कुठल्या आदेशानं मिळाले? मी आयुष्यभर फाईलवर 'निर्णयार्थ सादर' असं लिहिलं आणि ती वर पाठवली. माझ्या हातून एकही चुकीचा निर्णय झाला नाही, कारण माझ्या हातून निर्णयच झाला नाही. याबद्दल निवृत्तीच्या वेळी साहेबांनी भाषणात खास उल्लेख केला होता.

मी पुस्तक मिटलं आणि मुलांना सांगितलं, "वरून मार्गदर्शन मागवतो." सृष्टी नावाची एक मुलगी आहे, तिनं विचारलं, "तोपर्यंत बकरी?" मी म्हटलं, "जैसे थे."

पुस्तक तू लिहिलंस, म्हणजे सक्षम प्राधिकारी तूच. तरी बकरीने काय करावे ते लेखी कळवावे. व्हॉट्सॲपवर कळवू नये. त्याचा पुरावा राहत नाही.

तुझा,
श्रीधरकाका (सेवानिवृत्त)


कर्वेनगर
१५ जून २०२५

आदरणीय काका,
सप्रेम जय भीम.

तुमचं स्पीड पोस्ट आलं तेव्हा मला वाटलं, इन्कम टॅक्सची नोटीस आली. उघडून बघते तर माझीच बकरी!

मी त्याच मिनिटाला तुम्हाला मेसेज टाकला होता. त्यावर तुमचं उत्तर आलं, 'लेखी कळवावे.' तर आता लेखी कळवते.

काका, हे पुस्तक असंच आहे. ही वाट निवडायची चित्रकथा असते. गोष्ट मध्येच थांबते आणि वाचणाऱ्याला विचारते, आता पुढे काय? तो म्हणेल तिकडे गोष्ट जाते. म्हणून एकच पुस्तक पाच वेळा वाचता येतं. यातला सक्षम प्राधिकारी म्हणजे वाचणारा. तुमच्या हॉलमध्ये बसलेली सगळी पोरं सक्षम प्राधिकारी आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांच्या नाकाला शेंबूड असेल तरी त्यानं काही बिघडत नाही. त्यांना विचारा. ती म्हणतील ते पान उघडा. चूक वाट नसतेच यात.

फक्त एक करा. दोन्ही वाटा आधी एकट्यानं चाळून बघू नका. मजा जाते.

आणि लवकर करा, प्लीज. ती दातांवर लटकली आहे.

तुमची,
निकिता

ता. क. पिस्ता आवडत नाही हे तुम्ही मला दोन वर्षांनी कळवताय? तेव्हा तर वाटी चाटूनपुसून साफ केली होतीत!


विश्रांतवाडी
२३ जून २०२५

चि. निकितास,
सप्रेम जय भीम.

तुझ्या पत्रान्वये कार्यवाही केली. परिणाम पुढीलप्रमाणे झाला.

काल मुलांचं मतदान घेतलं. गुप्त मतदान, चिठ्ठ्या, आणि मतपेटी म्हणून काकूचा चिवड्याचा डबा. अठरा मुलं हजर होती. निकाल: निम्मी मतं 'सोडा', निम्मी मतं 'चढा'. फेरमोजणी केली. पुन्हा तेच. एका चिठ्ठीवर नुसती मगर काढली होती, ती मी बाद ठरवणार होतो. पण मुलांनी दाखवून दिलं की मगर हसते आहे, म्हणजे मत 'सोडा'ला.

'सोडा'वाल्यांचा पुढारी समर्थ. हा आमच्या सोसायटीचे अध्यक्ष सर्जेराव यांचा नातू. 'चढा'वाल्यांची पुढारी सृष्टी. संध्याकाळपर्यंत ए विंग 'सोडा' आणि बी विंग 'चढा' अशी सरळ फाळणी झाली. जिन्यात घोषणा सुरू आहेत. सोसायटीच्या ग्रुपवर एका आईनं लिहिलं, "माझ्या मुलीला संकटात दोर सोडून द्यायला शिकवू नका." त्यावर एका वडिलांनी लिहिलं, "पण कधी सोडावं हे कळणं हेसुद्धा लाइफ स्किल आहे." हे गृहस्थ हिंजवडीला आयटीत असतात. त्यांनी दोन्ही पर्यायांचे फायदे-तोटे सांगणारं प्रेझेंटेशन पाठवलं आहे. त्यात बकरीच्या जागी स्वतःच्या मॅनेजरचा फोटो आहे. वॉचमन भैरू मला गेटवर थांबवून म्हणाला, "सायेब, कुठल्या बकरीवरनं चाललंय हे? आपल्या रजिस्टरात बकरीची एंट्री न्हाई."

मुलं म्हणतात, समसमान झालं तर काकांनी मत द्यायचं. मी सांगितलं की अध्यक्षस्थानी असलेल्या व्यक्तीनं तटस्थ राहायचं असतं. समर्थ म्हणाला, "तटस्थ म्हणजे काय?" सृष्टी म्हणाली, "म्हणजे घाबरलेले."

सबब, निर्णायक मत तू द्यावंस ही विनंती. तुझ्या पत्राची वाट पाहत आहे. बकरी पण.

तुझा,
श्रीधरकाका


कर्वेनगर
२९ जून २०२५

आदरणीय काका,
सप्रेम जय भीम.

मी चित्रं काढते. मी निवडणूक आयोग नाही.

तुमचं पत्र मी माझ्या फ्लॅटमेट्सना वाचून दाखवलं. त्यातली एक 'चढा' म्हणाली, दुसरी 'सोडा', आणि आता त्या दोघी गॅस सिलिंडरचा नंबर लावायच्या मुद्द्यावरून बोलत नाहीयेत. हे तुमच्या हॉलमधून पसरतंय बहुतेक.

मी मत देणार नाही. मी दिलं तर ती गोष्ट माझी होते, पोरांची राहत नाही. तुम्ही असं करा, नाणं उडवा. छापा आला तर पान ३१, काटा आला तर पान ४४. दोन सेकंदांचं काम आहे. आणि तुम्हाला खासगीत सांगते, कुठल्याही पानावर गेलात तरी बिजली मरत नाही. तेव्हा निर्धास्त असा.

तीन आठवडे झाले, काका. काढली तेव्हा मला ती बकरी गंमत वाटली होती. आता भाजी आणायला जाताना मध्येच आठवतं की आपली बिजली तिकडे विश्रांतवाडीत लटकतेय, आणि मला खरंच वाईट वाटतं. मी येऊन पान उलटून जाऊ का? पण पुण्याच्या ट्रॅफिकमधून रविवारी कर्वेनगरहून तुमच्याकडे यायचं म्हणजे मला शनिवारी निघावं लागेल.

काकूंना माझा जय भीम सांगा. बाळ झालं का?

तुमची,
निकिता


विश्रांतवाडी
७ जुलै २०२५

चि. निकितास,
सप्रेम जय भीम.

बाळ झालं. मुलगी आहे. आई आणि बाळ दोघी खुशाल आहेत. बाकी काहीही खुशाल नाही.

काल नाणं उडवलं. त्याआधी अर्धा तास छापा कुठल्या बाजूला म्हणायचा यावर गेला. नंतर कुणी उडवायचं यावर. शेवटी एक हात समर्थचा आणि एक हात सृष्टीचा, असं दोघांनी मिळून उडवलं. नाणं वर गेलं, खाली आलं, गडगडत सोसायटीच्या लोखंडी कपाटाखाली गेलं. कपाट हलवायचं तर अध्यक्षांची परवानगी लागते. अध्यक्ष सर्जेराव म्हणाले, कपाटाचा विषय पुढच्या सभेत घेऊ.

मी पुस्तक मिटलं. मुलं भांडली नाहीत, चपला घालून निघाली, हेच मला जास्त लागलं. मागच्या रविवारी चौदा होती, काल नऊ. कुणाचा क्रिकेटचा क्लास निघाला, कुणाचं पोट दुखतं. एकाच्या आईनं मला खरं काय ते सांगितलं. तो म्हणतो, "तिथं काही होतच नाही."

सर्जेरावांनी आज सकाळी जिन्यात गाठलं. रविवारच्या हॉलसाठी झुंबावाल्यांचा अर्ज आलाय. नियम असा की वर्गाला दहा मुलं पाहिजेत. अजून दोन रविवार ते थांबतील. "त्यानंतर माझे हात बांधलेले आहेत," असं म्हणाले. मी हे वाक्य चौतीस वर्षं लोकांना ऐकवलं. ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला बरं वाटत नाही.

परवा काकूचा फोन आला. पहिलं वाक्य, "पोरं कशी आहेत?" मी म्हटलं, "विषय प्रगतिपथावर आहे." ती मग म्हणाली, "अहो, तुम्ही कधी काही ठरवलंय का?" आणि हसली. मागे बाळ रडायला लागलं म्हणून फोन ठेवला.

मला रात्रभर ते वाक्य टोचत राहिलं. निकिता, ती रोज सकाळी मला विचारते, "भाजी काय करू?" आणि मी रोज पेपरमागून म्हणतो, "आपल्या स्तरावर उचित निर्णय घ्यावा." मला वाटायचं, मी तिला मान देतोय. चाळीस वर्षं ती बाई दोन वेळचं एकटीनं ठरवत होती. ती तेव्हाही हसायची. मी ते हसणं विनोदाचं धरून चाललो.

आता मला भीती वाटते, हे तुला सरळ लिहितो. ती परत येईल, किल्ली घेऊन हॉलचं दार उघडेल, आणि आत बायका उड्या मारत असतील. मी तिला काय सांगू? की कपाटाखाली नाणं गेलं?

तुझा,
श्रीधरकाका


विश्रांतवाडी
९ जुलै २०२५

निकिता,

मी बघितलं. तू बघू नका म्हणाली होतीस तरी दोन्ही पानं आज एकट्यानं बघितली. म्हटलं, एकदा कळू तरी दे की कुठली वाट बरी, मग मन घट्ट करून मत देऊन टाकीन.

पान ३१ वर ती मगरीच्या डोक्यावर पडते. खाली लिहिलंय, 'पान ५० वर जा.'

पान ४४ वर ती शिपायाच्या खांद्यावर चढते. खाली लिहिलंय, 'पान ५० वर जा.'

पान ५०! दोन्हीकडून पान ५०!

माझ्या सोसायटीत ए विंग बी विंगला कुकरच्या रिंगा उसन्या देत नाही. माझी निम्मी मुलं गेली. बायकोला तोंड कसं दाखवू कळत नाही. आणि शेवटी दोन्ही वाटा एकाच ठिकाणी जातात? मग विचारलंस कशाला?

श्रीधर ओव्हाळ


कर्वेनगर
१२ जुलै २०२५

आदरणीय काका,

शिव्या पोचल्या. हे तुमचं पहिलं पत्र, ज्यात 'चि.' नाही, 'तुझा' नाही, जय भीमसुद्धा नाही. वाचताना भीती वाटली आणि, राग मानू नका, बरंही वाटलं. पहिल्यांदा वाटलं की हे पत्र काकांनी लिहिलंय, कार्यालयानं नाही.

म्हणून मीही सरळ सांगते. प्रकाशकांनी मला चौसष्ट पानं दिली होती. प्रत्येक वाट शेवटपर्यंत वेगळी न्यायची म्हटली तर पुस्तकाऐवजी कपाट छापावं लागलं असतं, आणि कपाटाचा अनुभव तुम्हाला आहेच. म्हणून या पुस्तकांत वाटा फुटतात आणि पुढे कुठेतरी गुपचूप एकत्र येतात. सगळेच चित्रकार हे करतात, फक्त सांगत कुणी नाही. 'चाळू नका' म्हटलं ते याचसाठी.

पण विचारलं कशाला, याचं उत्तर माझ्याकडे आहे. पान ३१ वर मगर बिजलीला विचारते की मिशीची चव कशी होती, आणि दोघींची मैत्री होते. पान ४४ वर शिपाई रडायला लागतो, कारण त्याला मुळात शिपाई व्हायचंच नव्हतं. पान ५० वर दोन्हीकडून पोचता येतं, पण मगरीच्या मैत्रिणीनं पोचणं वेगळं आणि शिपायाला गप्प करून पोचणं वेगळं. ज्यानं दोर सोडला त्याच्या पोटात गोळा येतो. तो गोळा त्याचा स्वतःचा असतो, मी तो काढून देऊ शकत नाही. विचारायचं ते त्यासाठी.

उद्याच्या रविवारी हे पत्र पोचणार नाही. त्याच्या पुढच्या रविवारी मुलांना सगळं सांगून टाका. दोन्ही वाटा एक होतात हेही सांगा. शिव्या माझ्या नावानं घालू देत. मी येऊ का तुमच्या मदतीला? खरंच येते, शनिवारी निघून.

तुमची,
निकिता


विश्रांतवाडी
२१ जुलै २०२५

चि. निकितास,
सप्रेम जय भीम.

मागच्या पत्रात जय भीम राहिला, त्याबद्दल दिलगीर आहे. आणि तू आली नाहीस ते उत्तम झालं. तू आली असतीस तर मी फाईल तुझ्याकडे सरकवली असती.

काल शेवटचा रविवार होता. त्याच्या आधीच्या रविवारी सहाच मुलं होती, काल आठ आली. समर्थ आणि सृष्टी दोघंही आली होती, पण ती एकमेकांना बघून घ्यायला म्हणून आली असावीत. दारात झुंबाच्या बाई टेप घेऊन हॉल मोजत होत्या.

मी मुलांना खरं सांगितलं. म्हटलं, मी पुढची पानं चोरून बघितली. म्हटलं, दोन्ही वाटा पान ५० ला जातात. मग जो दंगा झाला तो मी शब्दांत मांडू शकत नाही. समर्थ ओरडला, "चीटिंग!" सृष्टी ओरडली, "चीटिंग!" दीड महिन्यात या दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं. दोघांनी मिळून तुला पत्र लिहायचं ठरवलं आहे. जपून उघड.

दंगा कमी झाल्यावर माऊली नावाचा एक अगदी छोटा मुलगा आहे, त्याला चड्डीचं बटण लावता येत नाही, तो म्हणाला, "काका, तिला भूक नाही लागली?"

मी म्हटलं, कुणाला?

"बिजलीला. किती दिवस लटकलीय. तिला जेवायला कुणी दिलंच नाही."

सगळ्यांनी पान १८ कडे बघितलं. मलाही कसंतरीच झालं. खरंच की, सहा आठवडे मी त्या जनावराला जैसे थे ठेवलं आणि चारापाण्याचं काहीच बघितलं नाही. मग सृष्टी सावकाश म्हणाली, "पण तिच्या तोंडात दोर आहे."

आणि समर्थ उभा राहिला. "ती बकरी आहे! ती दोर खाईल!"

निकिता, हॉलमध्ये जे झालं ते तू बघायला हवं होतंस. दोर खाल्ला तर ती वर जाणार! खात खात वर जाणार! म्हणजे चढणं झालं. पण शेवटचा घास खाल्ला की पडणार! म्हणजे सोडणं झालं. ए विंग आणि बी विंग एकमेकांच्या खांद्यावर बसून नाचत होती. आणि मग ती सगळी एकदम माझ्याकडे वळली. "काका, चालेल का?"

पुस्तकात तसं पान नाही. तुझी परवानगी नाही. कुणाचाच आदेश नाही. आणि मागवायचा म्हटला तरी पोस्टाला आठवडा लागतो. माझ्या ओठांवर वाक्य आलंसुद्धा होतं, 'वरून मार्गदर्शन...' तेवढ्यात माऊली म्हणाला, "तिला खूप भूक लागलीय, काका."

तुला एक गोष्ट सांगतो. सरकारी ऑफिसात हिरव्या शाईनं सही फक्त मोठे अधिकारी करतात. मी कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालो, मला जन्मभर निळीच. निवृत्तीच्या दिवशी मी गुपचूप एक हिरवं पेन विकत घेतलं होतं. ते आजवर खिशात आहे, कधी टोपण काढलं नाही. काल काढलं. शाई वाळली होती. मुलांनी सांगितलं, चाटा. चाटलं. आणि तुझ्या पुस्तकाच्या पान १८ वर, मगरीच्या शेपटीजवळ मोकळी जागा होती तिथे, मी लिहिलं:

'दोर खावा. मान्य.'

खाली सही. तारीख.

माझी जीभ अजून हिरवी आहे.

मग कागद आले, रंग आले. मुलांनी पान १८-अ काढलं. सरकारी नियमात मध्ये कलम घालायचं तर असंच घालतात, ते मी त्यांना शिकवलं. खिडकीतून ओरडून बाकीच्यांना बोलावलं गेलं. 'बिजली दोर खातीये' एवढंच ऐकून क्रिकेटवाले पॅडसकट आले. आवाजाची तक्रार करायला सर्जेराव खाली आले. समर्थनं त्यांच्या हातात तपकिरी खडू दिला आणि म्हणाला, "आजोबा, दोर रंगवा, लांब आहे." ते अर्धा तास खाली बसून रंगवत होते. झुंबाच्या बाई थोडा वेळ टेप घेऊन उभ्या राहिल्या. मग त्यांनीच सुचवलं की मगरीला गॉगल घालावा. त्यांना आता शनिवार दिला आहे.

उठताना सर्जेरावांनी मुलं मोजली. मी मोजली नाहीत. माझं लक्ष बकरीकडे होतं.

तुझा,
श्रीधरकाका

ता. क. कपाट हलवलं. विचारलं कुणालाच नाही. नाणं सापडलं. उभं होतं, भिंतीला टेकून. मी ते तसंच ठेवलं.


विश्रांतवाडी
१८ ऑगस्ट २०२५

प्रिय निकिता,
जय भीम, आणि काकूच्या हक्कानं एक प्रश्न: माझ्या नवऱ्याला तू काय केलंस?

मी गुरुवारी परत आले. एसटीतून उतरले तर हे स्टँडवर हजर, आणि रिक्षावाल्याला स्वतः सांगतायत, "आळंदी रोडनं घ्या, पुलाखालून नको." मी बॅग धरून बघतच राहिले. एरवी रिक्षावाला विचारतो, कुठून घेऊ, तर हे माझ्याकडे बघतात.

घरी यायच्या आधी मी हॉलवर गेले. फोनवर हे नुसते 'प्रगतिपथावर' म्हणायचे, म्हणून मी मनाची तयारी करूनच दार उघडलं, तर भिंतभर बकऱ्याच बकऱ्या. आणि काल रविवारी तर बसायला जागा नव्हती, बाई. तुझं पुस्तक बघून तर तू ओळखणारच नाहीस. मध्ये १८-अ पासून पानं चिकटवत गेलेत, ते आता मिटत नाही, दोरीनं बांधून ठेवतात. बिजलीनं दोर खाल्ला, पूल खाल्ला, राजाचा तंबू खाल्ला. मगरीला स्थळ सांगून आलंय. प्रत्येक पानावर कोपऱ्यात हिरव्या शाईत 'मान्य'. एका पानावर मात्र 'अमान्य' आहे. तिथे पोरांनी बिजलीला काकांचं पेन्शन बुक खाऊ घातलं होतं.

तुझी सगळी पत्रं आणि स्वतःच्या पत्रांच्या जपून ठेवलेल्या नकला त्यांनी मला वाचायला दिल्या. स्वतः समोर बसून राहिले, नव्या नवरदेवासारखे. पेपर उलटा धरला होता. भाजीचं वाचलं तिथं मी थांबले. त्यावर आता जास्त बोलत नाही, नाहीतर रडेन. पण एवढं लिहिते, मी तेव्हा विनोद म्हणून हसत नव्हते, हे त्यांना कळलं. एवढी वर्षं लागली आणि एक बकरी लागली, पण कळलं.

त्यांचा तुला निरोप आहे. पुढच्या लग्नात त्यांच्यासाठी आंबा आइस्क्रीम. दोन स्कूप. विचारायचं नाही.

आज सकाळी मी सवयीनं स्वयंपाकघरातून विचारलं, "भाजी काय करू?" विचारून झाल्यावर माझ्या लक्षात आलं आणि मी कांदा हातात धरून उभी राहिले. बाहेरून मग पेपरची घडी घातल्याचा आवाज आला. हे आत आले, हात धुतले, आणि म्हणाले, "भरली वांगी. आणि तू बस, मी करतो."

वांगी करपली होती, आणि मीठ विसरले होते. मी दोनदा वाढून घेतली.

तुझी,
कल्याणीकाकू